गॅस गेला कुठे?

शीतकपाट थंड करीत नाही, अशी फिर्याद घेऊन जाणाऱ्या बहुतेक गृहस्थांच्या पदरी 'गॅस संपला' हा एकच निवाडा पडतो. तो कितपत खरा असतो, याचा तपास करून या, असे संपादकांनी सांगितले आणि त्या निमित्ताने आषाढातील एका ओल्या सकाळी मी गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावरील दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो. एकोणिसाव्या शतकात या शहरात अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ जहाजाने येत असे आणि १९५८ साली गोदरेज कंपनीने देशातच शीतकपाटे बनविण्यास प्रारंभ केला, एवढा पूर्वेतिहास पुरेसा आहे. कारण माझे सारे लक्ष दुकानाच्या मालकांनी, ज्यांना पंचक्रोशीत नुसते 'मिस्त्री' म्हणतात त्यांनी, वेधून घेतले होते.

त्यांच्यासमोर बसलेल्या बाईंच्या शीतकपाटात वर्षभरात अन्य कोणी दोनदा गॅस भरला होता. "ताई, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे जळून जायला?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "कमी झाला असेल तर कुठेतरी भोक असणार, आणि झाला नसेल तर आजार दुसराच."

हे शब्दशः सत्य आहे. शीतकपाट गारवा निर्माण करीत नाही, आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. आणि ती वाहून नेणारा वायू बंद नळ्यांतून अखंड फिरत राहतो, खर्च होत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, पाठीमागच्या जाळीत तो उष्णता सोडून द्रवरूप होतो, आणि मग त्याला जावे लागते कॅपिलरी नावाच्या तांब्याच्या नळीतून, जिची लांबी दोन-तीन मीटर असली तरी आतील पोकळी एक मिलिमीटरही भरत नाही. त्या अरुंद वाटेच्या शेवटी दाब एकदम उतरतो आणि जो द्रव मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, तो आतल्या कॉइलमध्ये उकळू लागून भोवतालची उष्णता शोषून घेतो. साऱ्या यंत्राचा कारभार या नळीच्या हाती आहे, आणि तिला बंद पाडावयास पाण्याचा एक थेंबही पुष्कळ होतो.

बाईंची तक्रार अशी होती की, शीतकपाट सकाळी उत्तम थंड होते, तासाभराने थांबते आणि काही वेळ बंद ठेवले की पुन्हा चालते. मिस्त्रींनी कॉइलच्या तोंडाशी कान लावला. आधी ऐकू येणारी बारीक फुसफुस हळूहळू विझली, तेव्हा त्यांनी गरम पाण्यात पिळलेले फडके कॅपिलरी जिथे कॉइलमध्ये उघडते नेमक्या त्या जागी धरले, आणि क्षणभराने तो आवाज पुन्हा उमटला. गॅस पुरेसा होता. आत शिरलेला ओलावा नळीच्या तोंडाशी गोठून वाट अडवीत होता. आधीच्या भरणीच्या वेळी नळ्या दमट हवेत उघड्या राहिल्या असाव्यात, हा त्यांचा तर्क मला पटला.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. जुना फिल्टर कापून टाकला. कॅपिलरीला मात्र कटर लावला नाही, कारण कटरने तिचे तोंड चेपते. कानशीने तिच्यावर बारीक रेघ ओढून त्यांनी ती अलगद मोडली. नायट्रोजनने नळ्या झाडल्या, नवा फिल्टर झाळला, आणि मग दीड तास व्हॅक्यूम पंप चालू ठेवून ते घड्याळाकडे न पाहता गेजच्या काट्याकडे पाहत बसले. काटा जागचा हलत नाही अशी खात्री पटल्यावरच सुमारे शंभर ग्रॅम गॅस त्यांनी काट्यावर तोलून भरला. या दीड तासाचे वेगळे दाम कोणी देत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी तो वगळला जातो.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल येथे झालेल्या करारानंतर जुना आर-१२ गॅस गेला, त्याच्या जागी आर-१३४ए आला, आणि आता त्याचीही जागा आयसोब्युटेन घेत आहे. तो पर्यावरणास पुष्कळ सौम्य, परंतु स्वयंपाकाच्या गॅसचा सगोत्र, म्हणजे ज्वालाग्राही. त्याचा दुसरा गुण अधिक फसवा आहे: यंत्र चालू असताना थंड बाजूचा दाब बाहेरील हवेहूनही कमी असू शकतो, त्यामुळे तेथे भोक पडले तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि दमटपणाच आत ओढले जातात. साबणाच्या फेसाला त्या वेळी बुडबुडा येत नाही, आणि गळती नाही असा दाखला चुकून दिला जातो. भरीस भर म्हणजे पुष्कळ नव्या कपाटांत कॉइल भिंतीच्या फोममध्ये कायमची गाडलेली असते. तेथील भोकापर्यंत हातच पोहोचत नाही. असे एक कपाट दुकानाच्या कोपऱ्यात उभे होते. बाहेरून दुसरी कॉइल बसविता येईल, पण जागा जाईल आणि वीज जास्त लागेल, असे मिस्त्रींनी मालकाला स्पष्ट सांगितले होते, आणि तो अद्याप विचार करीत होता.

दुपारी हातगाडीवरून आणखी एक शीतकपाट उतरले. त्याच्या कंप्रेसरवर ज्वाळेचे चित्र असलेला पिवळा त्रिकोण दिसताच मिस्त्रींनी पोराला दोन्ही दारे सताड उघडावयास सांगितली, झाळकामाची बत्ती उचलून पार मागच्या बोळात नेऊन ठेवली, आणि मग परत येऊन, देवाच्या तसबिरीपुढे तेवत असलेली उदबत्ती हात जोडून विझवली.