आवृत्त्या कोण काढतो?

मराठीचा प्राध्यापक म्हटला की लग्नकार्यात एक प्रश्न ठरलेला. "काय हो, एखादी कादंबरी वर्षानुवर्षे खपते ती कशामुळे?" आणि माझे उत्तरही ठरलेले. "उत्कंठा! पुढे काय होणार, ही ओढ!" एवढे सांगून मी रुबाबात जिलबीकडे वळत असे.

पण वाचकहो, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घ्या. ती १९६७ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली, तेव्हा लेखक अवघा २७ वर्षांचा, कोल्हापुरातल्या शाळेत शिकवणारा तरुण होता. कथा कर्णाची. रथाचे चाक रुतणार हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक! मग उत्कंठा कसली? खांडेकरांची १९५९ सालची 'ययाति' घ्या. तिथेही गोष्ट पुराणातली, ऐकलेलीच. तरी दोन्ही पुस्तके अजून घरोघर जात आहेत.

मग भाषेमुळे म्हणावे, तर वर्गात मी 'मृत्युंजय'च्या भाषेलाच नावे ठेवीत असे. अलंकार फार, अश्रू फार! मुले हसत.

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. पहाटे घरोघर दूध टाकून मग कॉलेजात येणारा. म्हणाला, "सर, एक विचारू? 'वडील काय करतात?' असं तुम्हाला कधी कुणी चारचौघांत विचारलं नाही का?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पण घरी जाऊन वडिलांची प्रत काढली. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी ती मला दिली होती. सोळाव्या वर्षी ती वाचून मी रात्रभर रडलो होतो, एम. ए. झाल्यावर ते सोयीस्करपणे विसरलो होतो. रंगभूमीवर कर्णाला कुळ विचारले जाते, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीची एक उभी रेघ होती.

आईला विचारले. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "तुझे आजोबा बाजारात हमाली करायचे. एका कचेरीत मुलाखतीला गेले होते तेव्हा ह्यांना पहिला प्रश्न तोच आला, आणि सगळे हसले. नोकरी काही मिळाली नाही. मला लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. तुला कधी बोलले नाहीत?"

नाही, बोलले नाहीत. पुस्तक दिले.

इतकी वर्षे शिकवूनही मला न कळलेले उत्तर ते हेच असावे. महाभारतात कर्णाविषयी इतर बोलतात. सावंतांनी कर्णालाच बोलते केले. त्याच्या जोडीला कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही. 'ययाति'तही ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच मांडतात. गोष्ट जुनी, पण 'मी' नवा. आणि त्या 'मी'च्या जागी वाचक हळूच स्वतः जाऊन बसतो. दुःख तर पुष्कळ कादंबऱ्यांत असते. पण जे बापाला मुलापाशी बोलता येत नाही, ते ज्या पुस्तकाच्या हाती सोपवता येते, ते पुस्तक टिकते. पहिली आवृत्ती प्रकाशक काढतो. पुढच्या आवृत्त्या अशी घरे काढतात.

त्या विद्यार्थ्याची मी दुसऱ्या दिवशी वर्गातच क्षमा मागितली. त्या दिवशी मुले हसली नाहीत.

यंदा माझी मुलगी दहावी झाली. जुन्या प्रतीची शिवण सुटली आहे, म्हणून तिच्यासाठी नवी आणली. तिच्या आजोबांची हकीकत मात्र मी तिला तोंडाने सांगितली. पेन्सिलीची रेघ कुठे ओढायची ते तिचे तिने ठरवावे.