तुरंगलीला सिंफनी
तुरंगलीला सिंफनी : आधुनिक फ्रेंच संगीतरचनाकार ऑलिव्ह्ये मेस्याँ (१९०८–९२) याची दहा भागांची वाद्यवृंदरचना. रचनाकाल १९४६–४८. बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदासाठी सर्गे कुसेव्हीट्स्की याने ती लिहवून घेतली. लेनर्ड बर्न्स्टाइन याच्या संचालनाखाली २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टन येथे तिचे प्रथम वादन झाले.

ट्रिस्टन व इझोल्ड यांच्या मध्ययुगीन कथेतील, मृत्यूलाही न जुमानणारे प्रेम हा या रचनेचा विषय होय. ‘तुरंग’ म्हणजे धावत्या घोड्यासारखा काळ आणि ‘लीला’ म्हणजे सृष्टीची उत्पत्ती व लय घडविणारी क्रीडा, तसेच प्रेम, असा अर्थ मेस्याँने लावला. तथापि हा शब्द मुळात एका तालाचे नाव आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्यात वर्णिलेल्या १२० देशी तालांत ‘तुरंगलील’ हा एक आहे. लाव्हिन्याकच्या फ्रेंच संगीतकोशात छापलेली ही तालसूची मेस्याँच्या पाहण्यात आली. प्रत्यक्ष वादनापेक्षा ग्रंथावरूनच त्याने या तालांचा अभ्यास केला.

भारतीय संगीतात तालाचे आवर्तन पुनःपुन्हा येते आणि गायकवादक त्याच्या आधाराने विस्तार करतात. मेस्याँने मात्र लघु, गुरू इ. मात्रांच्या विषम मांडणीकडे स्वतंत्र लयाकृती म्हणून पाहिले. एक लयाकृती वाढत जाते, दुसरी आकुंचन पावते, तर तिसरी स्थिर राहते. त्यांना तो नाटकातील पात्रांची उपमा देई. उलटसुलट कशीही वाजविली तरी सारखीच राहणारी लयबंधेही त्याने योजली.

सु. सव्वा तासाच्या या रचनेस शंभरावर वादक लागतात. केवळ तंतुवाद्यांसाठीच ६८ वादक सांगितले आहेत. त्यांच्या जोडीला कठीण एकल पियानो, तालवाद्यांचा मोठा ताफा व मॉरिस मार्तनो याने १९२८ मध्ये पुढे आणलेले ‘ऑंद मार्तनो’ हे विद्युत्‌वाद्य असते. भिन्न लांबीच्या लयी एकाच वेळी चालू असल्याने संचालकाची कसोटी लागते. पाचव्या भागातील उन्मादक नृत्यानंतर सहाव्या भागात तंतुवाद्ये व ऑंद मार्तनो यांवर प्रेमाची संथ धून उमटते व पियानो पक्ष्यांचे कूजन ऐकवितो. हा विरोध विशेष परिणामकारक आहे.

आरंभी या रचनेविषयी टीकाकारांत तीव्र मतभेद होते. पुढे विसाव्या शतकातील महत्त्वाच्या वाद्यवृंदरचनांत तिची गणना होऊ लागली. मेस्याँने १९९० मध्ये तिचे संस्करण केले. शार्ङ्‌गदेवाचे बहुतेक देशी ताल प्रचारातून गेले असले, तरी त्यांतील विषम कालविभागणीला या सिंफनीत अगदी निराळ्या संगीतपरंपरेत स्थान मिळाले.