सासूबाई विसरतात तेव्हा

ताट आत्ताच उचललेलं असतं आणि सासूबाई शेजारी जाऊन सांगतात, "सुनेनं जेवायला दिलं नाही." राग येतो, येणारच. पण भांडून त्यांना आठवत नाही, त्या नुसत्या घाबरतात. "चला, चहा घेऊ," म्हणा आणि विषय बदला.

घरचे म्हणतात, म्हातारपणच ते, डॉक्टर काय करणार? पण बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं, तरीही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार? एक-दोन दिवसांतच बरळायला लागल्या, तर लघवीचा संसर्गही असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना वहीत लिहून न्या: कधीपासून विसरतात, वाट चुकल्या का, गॅस चालू राहिला का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या. झोपेच्या गोळीनंही विसर पडतो. डॉक्टरांपुढं "यांना वेड लागलंय" म्हणू नका. ऐकतात त्या.

रात्रीच्या जागरणाला नवरा, दीर, नणंद यांच्याही पाळ्या लावा. तुमचंच मन थकलं, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.