ॲसिड, फिनाईल, ब्लीचिंग पावडर : कशाने काय साफ होते आणि कशाने काय बिघडते

किराणा दुकानात किंवा मॉलमध्ये स्वच्छतेच्या वस्तूंच्या फळीसमोर उभे राहिले की डोके चक्रावते. ओट्यासाठी वेगळी बाटली, सिंकसाठी वेगळी, टाइल्ससाठी वेगळी, संडाससाठी वेगळी, फरशीसाठी आणखी तीन वासांची. जाहिरात सांगते की यातले एकही नसेल तर घर घाणेरडे. प्रत्यक्षात या सगळ्या बाटल्यांमध्ये चारच प्रकारचे पदार्थ असतात. साबण किंवा डिटर्जंट, सोडा जातीचे अल्कली, आम्ल म्हणजे ॲसिड, आणि जंतुनाशक. बाकी रंग, वास आणि बाटलीचा आकार. हे चार प्रकार ओळखता आले तर महिन्याचा खर्च निम्मा होऊ शकतो आणि अपघात टळतात.

हा विषय इथे कशाला, असे काही जणांना वाटेल. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी महिला रोज चार-पाच घरांची भांडी, फरशी आणि बाथरूम साफ करतात. नगरपालिका, रुग्णालये, रेल्वे स्थानके, मॉल इथले सफाईचे कंत्राटी काम कोणत्या समाजांच्या वाट्याला येते, हेही आपल्याला वेगळे सांगायला नको. ही रसायने दिवसभर हाताळणारे हात आपल्या लोकांचे आहेत आणि त्यांची माहिती मात्र ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पोहोचते तेही आपलेच लोक आहेत.

आधी डाग ओळखा

नियम सोपा आहे. तेलाचा डाग अल्कलीने निघतो, पाण्याचा डाग आम्लाने निघतो. उलट केले की नुसते घासत बसावे लागते.

स्वयंपाकघरातली घाण बहुतेक तेलाची असते. फोडणीचे उडालेले तेल भिंतीवर, एक्झॉस्ट फॅनवर, डब्यांवर बसते, हवेने आणि उष्णतेने घट्ट होते आणि त्यावर धूळ चिकटते. रोजच्या तेलकटपणाला भांड्याचा साबण पुरतो. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि पाण्याबरोबर तेल निघून जाते. जुन्या चिकट थराला धुण्याचा सोडा लागतो. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. बादलीभर गरम पाण्यात मूठभर सोडा टाकून पंख्याची पाती किंवा जाळी अर्धा तास बुडवून ठेवली की अर्धे काम आपोआप होते. आपल्या आज्या चुलीच्या राखेने भांडी घासत, त्यामागेही हेच कारण होते. लाकडाच्या राखेत अल्कली असते.

एक पथ्य आहे. ॲल्युमिनियम आणि हिंडालियमची भांडी सोड्याच्या पाण्यात ठेवू नका, ती काळी पडतात. सोड्याने हातही कोरडे पडतात, तेव्हा हातमोजे नसतील तर निदान काम झाल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन तेल लावावे.

बाथरूमचे गणित वेगळे. बादलीवर, नळाच्या तोटीवर, टाइल्सवर जो पांढरा खरखरीत थर बसतो तो बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यातला क्षार असतो, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. हा थर साबणाने कधीच निघत नाही. उलट साबण आणि जड पाणी मिळून एक पांढरट चिकट साका तयार होतो, तोच बादलीच्या कडेला दिसतो. याला आम्ल हवे. पांढरे व्हिनेगर चालते, पण त्यापेक्षा स्वस्त म्हणजे लिंबाचे सत, अर्थात सायट्रिक ॲसिडचे खडे. दोन चमचे खडे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून फडके भिजवावे आणि तोटीला अर्धा तास गुंडाळून ठेवावे. घासायची गरज फारशी उरत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच किंवा लिंबू लावतात तेही आम्लच.

समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ सारखा फिरतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचे, भरपूर फेस येतो आणि म्हणे सगळे चकचकीत. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघे एकमेकांना मारतात. फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड वायू, आणि मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापरल्या तर उपयोगी आहेत, एकत्र केल्या तर पैसे मोरीत.

ॲसिड आणि आपली फरशी

संडासच्या भांड्यासाठी मिळणाऱ्या हार्पिकसारख्या द्रवात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. तो द्रव मुद्दाम घट्ट केलेला असतो, म्हणजे भांड्याच्या उतारावर टिकून राहावा. म्हणून तो ओतून लगेच घासण्यात अर्थ नाही. कडेच्या खालून सोडायचा, १५-२० मिनिटे राहू द्यायचा, मग ब्रश फिरवायचा.

दुसरीकडे गल्लीत सायकलवरून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून सुटे ‘ॲसिड’ मिळते. तेही हायड्रोक्लोरिकच, पण तीव्रता ३० टक्क्यांच्या आसपास असू शकते आणि बाटलीवर काहीही लिहिलेले नसते. ते स्वस्त पडते, डाग झटकन निघतो, म्हणून लोक घेतात. नुकसान मागाहून दिसते. आपल्याकडे मोरीत शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा घालायची पद्धत आहे. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे नळावरच्या थरात जे कॅल्शियम कार्बोनेट असते तेच त्यांच्यात असते. ॲसिडला थर कुठला आणि फरशी कुठली हे कळत नाही. ते दोन्ही खाते. चकाकी जाते, दगड खडबडीत होतो, मग त्यात घाण जास्त अडकते आणि पुढच्या वेळी आणखी ॲसिड लागते. संगमरवराचे आणि टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांचेही तसेच. ग्रॅनाइट आणि चिनी मातीचे भांडे टिकते. स्टीलच्या सिंकवर हे ॲसिड पडले तर बारीक खड्डे पडतात. कडप्प्याच्या ओट्यावर व्हिनेगर किंवा लिंबूसुद्धा नको. तिथे साबणाचे पाणीच बरे.

सुट्या ॲसिडबद्दल कायद्याचीही बाजू आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवली पाहिजे, घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि कारण नोंदवले पाहिजे आणि १८ वर्षांखालच्या व्यक्तीला ॲसिड विकता येत नाही. शाळकरी मुलाला ‘जा, ॲसिडची बाटली घेऊन ये’ म्हणून पाठवणे अजूनही अनेक घरांत चालते. कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डातल्या दुकानदाराकडे ही नोंदवही आहे का, एवढे विचारले तरी फरक पडेल.

स्वच्छ करणे वेगळे, जंतू मारणे वेगळे

बहुतेक घरांत जंतुनाशकाची रोज गरज नसते. साबण आणि पाणी यांनी घाण निघते, तिच्याबरोबर जंतूही निघतात. चिकन, मटण, मासे कापलेला पाट, घरात जुलाब-उलटीचा रुग्ण असतानाचा संडास, सामाईक संडास आणि मुताऱ्या या जागी जंतुनाशक खरे कामाला येते. भांडी घासायची ओली घासणी मात्र लक्षात ठेवण्यासारखी. दिवसभर ओल्या राहणाऱ्या स्पंजमध्ये जंतू भरपूर वाढतात. पिळून उन्हात वाळवणे हा फुकटचा उपाय आहे.

जंतुनाशकांत सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर हीच. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास उपयोगी क्लोरीन असते. एक लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा टाकून ढवळावे, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी वापरावे. फरशी-मोरीला हे पुरते. जुलाबाच्या रुग्णाच्या संडासला तीन चमचे घ्यावेत. आधी साबणाने घाण काढून घ्यायची, कारण घाणीतच क्लोरीन खर्च होतो. मग हे पाणी टाकून दहा मिनिटे थांबायचे आणि धुऊन टाकायचे. उघड्या पिशवीतली, ओल लागलेली, वर्षभर पडून असलेली पावडर नुसता चुना असते. वास येत नसेल तर ती कामाची नाही.

फिनाईलचे दोन प्रकार आहेत. काळे फिनाईल पाण्यात टाकले की दुधासारखे होते. ते कोळशापासून निघणाऱ्या तेलांचे असते आणि त्यासाठी आयएस १०६१ हे भारतीय मानक आहे. बाटलीवर ते आणि श्रेणी छापलेली आहे का पाहावे. पांढरे फिनाईल पाइन तेलाचे असायला हवे, पण सुटे मिळणारे पुष्कळदा सुगंधी पाणीच असते. वास येतो म्हणून जंतू मेले असे होत नाही.

फरशीच्या ब्रँडेड द्रवात बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराईड असते. लेबल वाचले की दिसते. याच्या बादलीत कपड्याची पावडर टाकली की दोन्ही एकमेकांना निकामी करतात. फेस येतो म्हणून समाधान वाटते, जंतुनाशकाचे काम मात्र संपलेले असते. पावडरने पुसायचे तर आधी, आणि मग साध्या पाण्याने पुसून घेतल्यावर दुसरे.

जे कधीच एकत्र करू नये

जयंतीच्या किंवा वर्षावासाच्या आधी विहाराची स्वच्छता तरुण मंडळी उत्साहाने करतात. त्यात हमखास एक जण संडासात ॲसिड ओततो आणि ‘डबल इफेक्ट’ म्हणून दुसरा त्यावर ब्लीचिंग पावडर टाकतो. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे छोट्या बंद संडासात खालीच साठतो, आणि खाली वाकून घासणाऱ्याच्याच नाकात जातो. हार्पिक आणि ब्लीचिंग यांच्या बाबतीतही हेच खरे. ब्लीचिंग आणि अमोनिया असलेला काचेचा द्रव यांच्यातूनही विषारी वायू येतो. तुंबलेल्या पाइपसाठी मिळणाऱ्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. ती टाकल्यावर काम झाले नाही म्हणून वर ॲसिड ओतू नये. उकळून अंगावर उडते.

घसा जळजळू लागला, डोळ्यांत पाणी आले, खोकला सुरू झाला तर ‘थोडेच राहिलेय’ म्हणत थांबायचे नाही. लगेच बाहेर, मोकळ्या हवेत. धाप लागत असेल तर सरळ दवाखान्यात.

आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. ज्या घराला, सोसायटीला किंवा विहाराला सेप्टिक टँक आहे तिथली मैल्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. आठवड्याला एकदा संडासच्या भांड्यापुरते द्रव गेले तर टाकी सांभाळून घेते. बाटल्याच्या बाटल्या ॲसिड आणि ब्लीचिंग गेले तर जिवाणू मरतात, गाळ लवकर भरतो आणि टाकी उपसायची वेळ लवकर येते. ती उपसायला कोण उतरतो? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. माणसे तरीही उतरवली जातात. ज्याने टाकीत काय गेले हे पाहिलेले नसते, त्याला त्या टाकीतला वायू झेलावा लागतो.

काम करणाऱ्या बाईच्या हातात काय द्यायचे

घरकाम करणाऱ्या महिलांशी बोलताना हातांचा विषय नेहमी निघतो. बोटांची साले जातात, नखांच्या कडा चिघळतात, रात्री भाकरीचे पीठ मळताना आग होते. चार घरांत चार प्रकारची द्रवे, आणि मोजे एकाही घरात नाहीत. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, नोंदणी करून घेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहेच. पण रबरी मोज्यांची जोडी ही मालकिणीने द्यायची वस्तू आहे, बाईने पगारातून आणायची नाही, एवढे म्हणायला मंडळाची वाट पाहावी लागत नाही. आपल्यातली अनेक कुटुंबे आता फ्लॅटमध्ये राहतात आणि कामाला बाई ठेवतात. त्यांनाही हे लागू आहे.

बचत गटांना फिनाईल आणि भांड्याचा द्रव बनवायचे प्रशिक्षण सर्रास दिले जाते. उद्योग चांगला आहे. मात्र द्रव साबणाचा मूळ पदार्थ ॲसिड स्लरी असतो आणि तो सोड्याने पूर्ण शमवावा लागतो. अर्धवट राहिला तर घेणाऱ्याचे हात भाजतात. पीएच कागदाची छोटी गुंडाळी स्वस्तात मिळते. प्रत्येक घाणा तिने तपासावा, ७ ते ८ च्या आसपास आला तरच बाटलीत भरावा. आणि बाटलीवर काय आहे, कोणत्या तारखेचे आहे, हे मराठीत लिहिलेले कागदी लेबल हवेच.

थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत मात्र काहीही भरू नका. फिनाईल नाही, ॲसिड तर नाहीच. तहानलेले लहान मूल बाटलीचा आकार ओळखते, आतले द्रव नाही. तरी कोणी प्यायलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. जाताना ज्याने अन्ननलिका भाजली, ते वर येताना पुन्हा भाजते. तोंड पाण्याने खळखळवून थुंकायला लावा, ती बाटली बरोबर घ्या आणि सरकारी रुग्णालय गाठा. अंगावर किंवा डोळ्यात उडाले असेल तर वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका.