बर्फाळ ग्रहावरचं प्रेम आणि पोटातले पाहुणे

आजचं पुस्तक जरा चावट आहे, त्यामुळे शेजारी मुलं बसली असतील तर हा लेख रात्री वाचा. विज्ञान मात्र पोटभर मिळेल, याची खात्री देते.

गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने मला रुबी डिक्सन यांची ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही कादंबरी वाचायला दिली. २०१५ साली लेखिकेने ती स्वतःच प्रकाशित केली होती. २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली आणि मग एका मोठ्या प्रकाशनाने ती नव्याने छापली. कथा अशी: परग्रहवासी काही तरुणींना पृथ्वीवरून पळवतात आणि त्या एका बर्फाळ ग्रहावर अडकतात. तिथे नायिका जॉर्जीला भेटतो व्हेक्टल. सात फुटांचा, निळा, शिंगं आणि शेपटी असलेला. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल, आणि लेखिका त्यात अजिबात संकोच करत नाही.

मी पीएचडी जीवशास्त्रात केली आहे, त्यामुळे प्रेमप्रसंग वाचतानाही डोक्यातला परीक्षक गप्प बसत नाही. त्याची पहिली शंका चुंबनापाशीच आली.

पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं जवळजवळ पूर्णपणे ‘डावखुऱ्या’ अमिनो आम्लांची बनलेली असतात. याच रेणूंची उजवी रूपंही असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दुसऱ्या ग्रहावरच्या जीवनाने उजवी बाजू निवडली असेल तर? हा फरक आपल्या नाकाला आणि जिभेलाही कळतो. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्यासारखं लागतं, तर त्याच्या आरशातल्या जुळ्या भावाला कॅरवेचा, म्हणजे शहाजिऱ्यासारख्या बियांचा वास येतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं डावं रूप कडू, तर उजवं गोड. म्हणजे व्हेक्टलचं चुंबन कदाचित जास्तच गोड लागेल! पण त्याने शिकार करून आणलेल्या मांसातली उजवी प्रथिनं जॉर्जीला पचणार नाहीत. भरल्या ताटावर ती उपाशी राहील.

दुसरी शंका मुलाबाळांची. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. दोघं इतके जवळचे, तरी त्यांचं खेचर जवळपास नेहमीच वांझ निघतं. निअँडरथल आणि आपण काही लाख वर्षांपूर्वीच वेगळे झालो होतो, म्हणून आपला संकर जमला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, त्यांचा एक ते दोन टक्के डीएनए आजही आहे. परग्रहवासी आणि आपला मात्र समान पूर्वजच नाही. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक हा मानव आई आणि व्हल्कन बाप यांचा मुलगा. त्यापेक्षा माणूस आणि वनस्पती यांचा संकर होण्याची शक्यता जास्त, असा टोमणा कार्ल सेगन यांनी मारला होता.

डिक्सन यांनी यावर उपाय शोधलाय, तो म्हणजे ‘खुई’. हा एक परजीवी. तो छातीत जाऊन राहतो, त्या ग्रहावर जगण्याची ताकद देतो, आणि योग्य जोडीदार समोर आला की मांजरासारखा घुरघुरायला लागतो. मुलं होण्याची सोयही तोच करतो. खुई घेतली नाही, तर तिथे मरण ठरलेलं.

हे वाचून मी आधी हसले. मग लक्षात आलं, की पुस्तकातली सगळ्यात अचाट वाटणारी गोष्टच सत्याच्या सगळ्यात जवळची आहे. वोल्बाखिया नावाचा जिवाणू असंख्य कीटकांच्या पेशींत राहतो आणि त्यांचं प्रजनन आपल्या सोयीने वळवतो. असोबारा टॅबिडा या इवल्या गांधीलमाशीच्या मादीला तर त्याच्याशिवाय अंडीच तयार करता येत नाहीत. आपलं काय वेगळं आहे? मानवी वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळण्यासाठी सिन्सिटिन हे प्रथिन लागतं. त्याचा जनुक एका जुन्या रेट्रोव्हायरसकडून आपल्यात आलाय. आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग अशा विषाणूंच्या अवशेषांचा आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाही मुळात जिवाणूच. थोडक्यात, आपली खुई आपण कधीच गिळलेली आहे.

पण छातीतला किडा घुरघुरला म्हणजे ते प्रेम का? प्रेअरी व्होल हे उंदरासारखे प्राणी जोडी बांधून राहतात. त्याचं श्रेय कित्येक वर्षं ऑक्सिटोसिनला दिलं जात होतं. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले व्होल तयार करून पाहिले, तर त्यांनीही जोड्या बांधल्या! एका रेणूवर किंवा एका किड्यावर प्रेमाचा हिशेब मांडता येत नाही. पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या काकवांना हे कोण सांगणार?

पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात शिंगं आणि शेपटी राहिली नाही. राहिली ती जॉर्जी खुई घ्यायला तयार होते ती वेळ. जगायचं तर परका जीव आत घ्यायचा, आणि मग पूर्वीची आपण उरायचं नाही. तुम्हालाही हे कुठेतरी ओळखीचं वाटतंय ना? अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षी कराचा फॉर्म भरताना मी त्यावर ‘नॉनरेसिडेंट एलियन’ हे शब्द वाचले होते. आई तेव्हा फोनवर रोज विचारायची, “तिथलं पाणी मानवलं का गं?”

आईचा प्रश्न शास्त्राला धरूनच होता. आग्नेय आशियातून मिनेसोटात आलेल्या ह्मोंग आणि करेन लोकांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे आल्यावर काही महिन्यांतच मायदेशातले जिवाणू कमी व्हायला लागतात आणि त्यांची जागा इथले घेतात. जिवाणूंची विविधताही घटते. जितकी वर्षं इथे काढावीत तितका बदल वाढतो, आणि इथे जन्मलेल्या मुलांमध्ये तो आणखी ठळक दिसतो.

म्हणजे पाणी मानवतं, पण फुकट नाही. त्यासाठी आतले कोणीतरी जुने सोबती निघून जातात, आणि जाताना त्यांचा आवाजही होत नाही.

मी हे आईला सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग दही तरी घरी लावत जा.” दह्याने गेलेले सोबती परत येतात असं काही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रविवारी विरजण लावलं. तुमच्याकडे कोण कोण राहायला आलंय आणि कोण निघून गेलंय, एकदा पोटावर हात ठेवून विचारा.