ध्रुव लिहिणारी मोटार

रब्बीच्या दिवसांत चिखली-मेहकरकडच्या शिवारात वीज आली, की एका डी.पी.वरचे दहापंधरा पंप एकदमच सुरू होतात. मालक घरी झोपलेला असला तरी स्टार्टरचा ऑटो स्विच जागाच असतो. साधी मोटार सुरू होताना नेहमीच्या सहासात पट प्रवाह ओढते. साऱ्याच एका क्षणी उठल्या म्हणजे व्होल्टेज खचते, डी.पी. जळाली तर गहू-हरभऱ्याचे पाणी ऐन वेळी चुकते. महावितरण ऑटो स्विच काढावयास सांगते ते याचसाठी. पण मोटारीला मुळात एवढी भूक का लागावी?

५० सायकलच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीतील चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, आणि रोटर तर स्तब्ध उभा! या दोन वेगांत जितके अंतर, तितका प्रवाह अधिक. बरे, रोटरवर कायमचे चुंबक बसवावेत, तर क्षेत्र इतक्या झपाट्याने निसटते की उभा रोटर नुसता थरथरतो.

फ्लॉरिडातील जॉन रोझेल यांनी यावर मोठी गमतीदार तोड काढली. १९९० नंतरच्या दशकात या मोटारी बाजारात आल्या. रोटरवर फेराइटचा थर द्यावयाचा आणि बाहेरच्या स्थिर भागात एक लहानसे वेटोळे बसवावयाचे. वेटोळे ही लेखणी, रोटर ही पाटी. रोटर समोरून जाताना थरावर उत्तर-दक्षिण ध्रुव उमटतात. पुढच्या फेरीस जुने पुसून नवे. लेखणी विजेच्याच तालावर चालते, म्हणून वेग कमी तर ध्रुव अरुंद आणि अधिक. १५०० फेऱ्यांना चार, १००० फेऱ्यांना सहा. दोन्ही वेळी सेकंदाला आवर्तने ५०च. मोटार सावकाश उठते, बरीच गती आल्यावर लेखणी कामास लागते, आणि पूर्ण वेगाला ती थांबते. आरंभीचा प्रवाह सुमारे दुप्पटच राहतो. शिवाय हे सारे सिंगल फेजवर! आमच्याकडे कंडेन्सर लावून थ्री फेज पंप ओढण्याची कसरत चालते, ती पाहिलेल्यांना याचे मोल सांगावयास नको.

मात्र ही मोटार महाग, हे एक. दुसरे असे, की साधी मोटार जळाली तर तालुक्याचा वाइंडिंगवाला ती भरून देतो. फेराइटचा थर त्याच्या हाताबाहेरचा. तेव्हा तूर्त एका डी.पी.वरच्या शेजाऱ्यांनी ऑटो स्विच काढून पंप पाळीपाळीने हाताने लावावेत. त्याला पैसा लागत नाही. शेजाऱ्यांचे पटावे लागते, एवढेच.