पाचव्या गिअरची हौस

१९६२ साली इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बाहेर पडू लागली, तेव्हा एम-१ मोटरवे सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. गाडीची जडणघडण गावोगावच्या वळणदार रस्त्यांची. इंजिन १७९८ सीसीचं, पुढचे गिअर चार. चौथ्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांना ताशी साधारण २९ किलोमीटर पडतात. म्हणजे तिथल्या मोटरवेची ताशी ११२ किलोमीटरची मर्यादा गाठली, की इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्या मारत असतं. अर्ध्या तासात शेजारच्याशी ओरडून बोलायची वेळ येते. पाचव्या गिअरची हौस इथून सुरू होते.

हे इंजिन आपल्यालाही परकं नाही. याच घराण्यातलं वयाने थोरलं पण अंगाने लहान, १४८९ सीसीचं भावंड आपल्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं राबलं. पुढे १९९०च्या दशकात अँबेसेडरला इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, पण ती जोडी कारखान्यानेच जुळवलेली होती. एमजीबीवाल्याला मात्र आपलं इंजिन ठेवून दुसऱ्या घरचा गिअरबॉक्स आणायचा असतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘टाइप नाइन’ लोकप्रिय झाला. १९८२च्या फोर्ड सिएराबरोबर आलेला, पाच गिअरचा.

याच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८२. त्याच वेगाला इंजिन ३९००वरून ३२०० फेऱ्यांवर उतरतं. गाडी त्याने जोरात पळू लागत नाही, एवढं आधीच समजून घ्यावं. मिळते ती शांतता, आणि थोडंफार पेट्रोल वाचतं.

त्याची किंमत पहिल्या गिअरला मोजावी लागते. चारही गिअरला सिंक्रोमेश असलेल्या एमजीबीचा पहिला ३.४४चा आणि दुसरा २.१७चा. चार सिलिंडरवाल्या सिएराच्या टाइप नाइनचा पहिला ३.६५चा आणि दुसरा १.९७चा. पहिल्यात ४००० फेऱ्यांवर गिअर बदलला, तर जुन्या बॉक्समध्ये इंजिन सुमारे २५०० फेऱ्यांवर येतं, नव्यात २१५०वर. गाडी हलते न हलते तोच दुसरा टाकायचा आणि मग इंजिन दमल्यासारखं ओढतं. म्हणूनच लांब पहिल्या गिअरचे संच वेगळे विकले जातात. पैसे असतील तर तोच घ्यावा.

आता जोडणीकडे. गिअरबॉक्स एमजीबीच्या खालून निघत नाही. इंजिनसकट बाहेर काढावा लागतो, तेव्हा क्लचप्लेट आणि बेअरिंग त्याच वेळी बदलून घेणं शहाणपणाचं. नवी बेल हाउसिंग किंवा मधली प्लेट बोल्टने आवळली म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या पाठीमागच्या बुशमध्ये बसतं. शाफ्ट आखूड पडला तर टोक अधांतरी राहतं. लांब पडला तर बोल्ट आवळताना बेअरिंगवर दाब येतो. शिवाय दोन्ही शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. फ्लायव्हीलला डायल गेज लावून इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि हाउसिंगच्या भोकाच्या कडेवर काटा किती हलतो ते पाहायचं. पाच हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, ही जुन्या कारागिरांची मर्यादा. त्यापलीकडे गेलं तर आधी गिअर सटकतो, मग बेअरिंग गुणगुणू लागतं, आणि दोष नव्या बॉक्सवर जातो.

बाकीची कामं किरकोळ, पण चुकवता न येणारी. प्रोपेलर शाफ्ट योग्य लांबीचा करून घेऊन पुन्हा समतोल करावा लागतो, मागचा आधार नवा लागतो, स्पीडोमीटरच्या केबलची व्यवस्था करावी लागते. टाइप नाइनला तेल काढायचं बूचच नाही. पाचवा गिअर मागच्या टोकाला, तेलापासून दूर. त्यामुळे सेकंडहँड बॉक्स घेताना तो आधी उघडून बघावा.

माझं मत विचाराल तर एमजीबीसाठी पहिला पर्याय वेगळाच आहे. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह याच गाडीला कारखान्यातून मिळत असे. एक बटण दाबलं, की चौथा गिअर जवळपास त्याच ०.८२वर येतो. शिवाय पहिला गिअर जागच्या जागी. चांगला ओव्हरड्राइव्ह मिळत नसेल, तर फोर्डचा विचार करावा.

कागदांचाही प्रश्न आहेच. मोठे फेरफार झालेल्या गाडीला जुना नंबर द्यायचा का, हे ठरवताना ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गुण मोजले गेले. एकूण १४, त्यांतले ८ हवेत. इंजिनाला १ गुण आणि गिअरबॉक्सच्या साखळीला २! आपल्याकडे २०२१च्या नियमांत व्हिंटेज गाडी म्हणजे ५० वर्षांहून जुनी, आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल न केलेली. तेव्हा नवा बॉक्स बसवायला सांगाड्यातला, गिअरबॉक्सवरचा बोगदा कापू नका. बसत नसेल तर बॉक्स बदला. आणि जुना गिअरबॉक्स भंगारात देऊ नका. तेल भरून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा. पुढचा मालक तो मागेल.